कोऱ्या चहाची वेळ

झोपेला मार्क असतात हे मला पंचाहत्तराव्या वर्षी कळलं. शंभरापैकी. मनगटावर घड्याळ बांधून झोपायचं, सकाळी ते घड्याळ माझ्या मुलाच्या फोनवर निकाल पाठवतं, आणि दहाच्या सुमाराला तो जबल अली बंदराजवळच्या ऑफिसातून मला फोन करतो. "आई, आज ब्याण्णव!" आईने बोर्डात नंबर काढल्यासारखा खूश. मी म्हणायची, "हो का? अरे वा!" आणि गुपचूप गवार मोडत बसायची. कारण त्या ब्याण्णवांतले निदान चाळीस मी कॉपी करून मिळवलेले असायचे. आता सांगूनच टाकते सगळं. पोटात ठेवून पचत नाही.

मी कावेरी. दुबईत, अल कुसैसमध्ये तिसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहते, चार वर्षं झाली. मुलगा वरद, पन्नाशीचा, गोदामांच्या कंपनीत मॅनेजर. सून मैथिली शारजाच्या एका शाळेत शिकवते. नात ईशानी तेरा वर्षांची, मी मराठीत विचारते आणि ती इंग्रजीत उत्तर देते, पण आमचं छान चालतं. तिची नि माझी खोली एकच. खायला-प्यायला कमी नाही, सूनही गुणाची आहे. हे आधीच सांगते, नाहीतर म्हातारीने तोंड उघडलं की लोक सुनेच्या उण्यादुण्यांसाठी कान टवकारतात.

गडबड एकच होती. संध्याकाळचे आठ वाजले की मी ताटावरच पेंगायला लागायची, आणि रात्री अडीचला टक्क जागी. अडीच म्हणजे मुंबईचे चार. मी डॉक्टरांना म्हटलं, माझं शरीर विमानात बसलंच नाही बहुतेक, ते अजून तिकडेच आहे. ते हसले. म्हणाले, "आजी, चार वर्षं झाली. इथलं घड्याळ शरीराला आठवड्याभरात कळतं. तुमचं वय झालंय, वयाबरोबर झोप लवकर येते आणि लवकर संपते. त्यात तुम्ही दिवसभर एसीत, पडदे ओढून. ऊन अंगाला लागत नाही, दुपारी दोन-दोन डुलक्या. मग रात्र पुरेल कशी?" असेल बाई. शिकलेला माणूस. पण बरोबर अडीचलाच का? ते मला ठाऊक होतं, आणि ते मी त्यांना सांगितलं नाही.

एकाहत्तर साली लग्न होऊन मी माहीमला आले. खोली एक आणि माणसं दहा, म्हणजे वीस कान. नवऱ्याशी बोलायचं म्हणजे 'मीठ देऊ का' आणि 'टॉवेल कुठाय', तेवढंच. ह्यांचं नाव सदानंद. तेव्हा घ्यायची चोरी होती, आता घेते, रागवायला कोण आहे? तर लग्नाला चार महिने झाले आणि सासूबाईंनी मला सरकारी दूध केंद्रावर चिकटवलं. रस्त्याच्या कडेला टपरीएवढी खोली, पहाटे तिथे दुधाची गाडी यायची, काचेच्या बाटल्या उतरवून कार्डं बघून वाटायच्या. चारला कुलूप काढायचं. सून एवढ्या अंधारात एकटी कशी जाणार म्हणून सासूबाईंनीच ह्यांना सोबतीला धाडलं. आपण काय देऊन बसलो ते त्या बिचारीला शेवटपर्यंत कळलं नाही!

गाडी यायची पाऊण तासाने. तो पाऊण तास आमचा. रिकामे क्रेट उलटे घालून बसायचो, मी किटलीतून कोरा चहा आणलेला असायचा. दुधाच्या केंद्रावर बसून कोरा चहा, कारण दूध अजून वाटेत! कप एकच. हे मला ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करून दाखवायचे, मी हसून हसून खोकायची. रडलेदेखील मी तिथेच, आणि भांडणंही तिथेच उरकायचो, कारण गाडी आली की खलास, बाटल्यांचा खणखणाट आणि समोर रांग. वरद पोटात आहे हे मी त्यांना तिथेच सांगितलं. त्या दिवशी ह्यांनी आनंदात बाटल्या उतरवायला हात लावला आणि दोन फोडल्या.

पुढे बाटल्या गेल्या, पिशव्या आल्या, केंद्र बंद पडलं. वरद आणि त्याच्या ताईला घेऊन आम्ही बोरिवलीला दोन खोल्यांत आलो, दार लावून बोलायची सोय झाली. पण चारचा कोरा चहा सुटला नाही. फ्रीजमध्ये दूध असायचं, तरी कोराच. अठ्ठेचाळीस वर्षं! ते गेले त्या दिवशीही आम्ही चारला चहा घेतला होता, आणि ते अकराला गेले.

म्हणून अडीच. मी उठायची, ओट्याशी स्टूल घेऊन बसायची, अर्धा कप कोरा चहा करायची आणि त्यांच्याशी बोलायची. भूतबीत नाही हो, मनातल्या मनात. ईशानीने शाळेत काय केलं, मैथिलीचा गुडघा कसा आहे, खालच्या मलबारी दुकानात नारळ किती महाग झालाय. चार वाजेपर्यंत सांगण्यासारखं सगळं संपायचं आणि मला फार बरं वाटायचं. त्या वेळी मी म्हातारी नसायची.

डिसेंबरात मी पडले. कुणाची झोपमोड नको म्हणून दिवा लावला नव्हता, वॉशिंग मशीनच्या पाइपात पाय अडकला. डावं मनगट मोडलं. मग सुरू झाल्या तपासण्या. हाताला यंत्र देऊन म्हणे जोरात दाबा. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठा, मी तिसऱ्यांदा मटकन बसले. रेषेवरून चाला. मी चालले, डॉक्टर वेळ मोजत राहिले. मग ते वरदशी इंग्रजीत काहीतरी बोलले ते मी ईशानीला विचारलं, तर ती अडखळत म्हणाली, "आजी, यू आर, लाइक... नाजूक." मला असं हसू आलं! दुधाचे क्रेट उचलणाऱ्या बाईला आयुष्यात कुणी नाजूक म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते आत्ता, दात पडल्यावर.

वरद मात्र हसला नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते त्याने लिहून फ्रीजवर लावलं. सकाळी बाल्कनीत ऊन, संध्याकाळी पार्कात चालणं, दुपारची झोप बंद, आणि काही आठवडे रात्री झोपेची अर्धी गोळी. मार्क सुधारले नाहीत तर अर्धीची अख्खी. घड्याळ त्याने स्वतः आणलं, नऊशे दिरहमचं. "म्हणजे वीस हजारांच्या वर," मी म्हटलं, "एवढ्या पैशांत मी जागीच राहीन." "आई, प्लीज," तो म्हणाला. त्याचा चेहरा बघून मी हात पुढे केला.

चार रात्री गोळी घेतली. चारही दिवस सहाला उठले, तोंड कडू, पाय जड, आणि अडीच कधी वाजून गेले पत्ता नाही. खिसा कापलेल्या माणसासारखी मी पलंगावर बसून राहायची. चार दिवस मी त्यांना भेटले नाही. ते असताना असं एकदाही झालं नव्हतं. पाचव्या रात्री मैथिलीने गोळी हातात दिली, मी ती जिभेखाली धरली आणि बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत थुंकले. कढीपत्त्याला उत्तम झोप लागली असणार. मला अडीचला जाग आली.

पण मार्क? एक्कावन्न. मग अठ्ठेचाळीस. वरदचा फोन आला, "आई, सुधारत नाहीये. अख्खी करावी लागेल." मी घाबरले. दुसऱ्या पहाटे अडीचला चहाचा कप धुताना घड्याळ काढून ठेवलं होतं, ते घेऊन खोलीत आले, तर ईशानी हात पसरून घोरत पडलेली. तेरा वर्षांची झोप ती! नगारे वाजवले तरी उठणार नाही. मी तिच्या मनगटाला घड्याळ बांधलं. सहाला, तिचा गजर व्हायच्या आधी, काढून माझ्या हातात घातलं. आठ ते अडीच माझी झोप, अडीच ते सहा तिची. दोघींची मिळून एक सबंध रात्र.

दहाला फोन. "आई! अठ्ठ्याऐंशी! बघ, लागू पडली ना गोळी?"

आता इथे एक कबूल करते. वरद पावणेसहाला घर सोडतो आणि रात्री साडेआठला येतो. मी त्याआधीच झोपलेली. एका घरात राहून आमची आठवड्यात सहा दिवस गाठ पडायची नाही. मार्क कमी असले की त्याचा फोन अर्ध्या मिनिटाचा, काळजीचा. मार्क चांगले असले की तो गप्पा मारायचा, जेवलीस का, काय केलंस, आज कुठली भाजी. त्याचा तो आवाज मला इतका आवडायला लागला की मग मी रोजच कॉपी केली. पंधरा दिवसांनी ईशानी मध्येच जागी झाली आणि तिने मला रंगेहाथ पकडलं. "आजी! धिस इज चीटिंग!" मी ओठांवर बोट ठेवलं. ती पांघरुणात तोंड खुपसून हसली. म्हणाली, "ओके. आय वोंट टेल." दोन महिने तिने सांगितलं नाही. गुणाची पोर.

मार्चमधल्या त्या गुरुवारी सकाळी अकराला बेल वाजली. दारात वरद, आणि त्याचा दंड धरून त्याच्या ऑफिसातला निनाद. कपाळावर टेंगूळ, शर्टाची बाही फाटलेली. "काही नाही आई, गाडी जरा घासली," वरद म्हणाला. निनाद मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काकू, त्याला स्टिअरिंगवर झोप लागली. हायवेच्या कठड्याला गाडी लागली म्हणून बरं, बाजूला ट्रेलर होता." मी सोफ्याचा कोपरा धरून बसले.

मैथिली शाळेतून धावत आली, मागोमाग ईशानीही. पाणी झालं, बर्फ झाला, आणि मग मैथिलीने कंबरेवर हात ठेवून विचारलं, "झोप लागली म्हणजे? सकाळी सहाला?" वरदने खिशात हात घातला आणि गोळ्यांची पट्टी टीपॉयवर ठेवली. माझ्याच गोळ्या. माझ्या डब्यातली दुसरी पट्टी.

"दीड महिना झाला," तो खाली बघून म्हणाला. "ऑफिसात माणसं कमी करतायत. यादी निघणार आहे. दोन-दोन वाजेपर्यंत छताकडे बघत पडायचो. म्हटलं, ह्या गोळीवर आईला पंचाहत्तरीत ब्याण्णव मिळतात. मला निदान साठ मिळतील. अर्धीने काही होईना, म्हणून अख्खी घ्यायला लागलो. काल दोनला घेतली, आणि सव्वापाचला गजर."

दोनला तो गोळी घेऊन झोपायचा आणि अडीचला मी उठायची. त्याला छळणाऱ्या रात्रीतून तो जेमतेम सुटायचा, आणि मी पलीकडे चहा उकळत बसलेली असायची.

ईशानी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, गप्प बसावं. गोळ्या तर त्याने घेतल्या, मी थोड्याच भरवल्या? असं वाटलं, खोटं कशाला सांगू. आणि सांगितलं तर माझा तास गेला, हेही दिसत होतं. उद्यापासून मैथिली तोंड उघडायला लावून बघणार, अख्खी गोळी, आणि मी मेल्यासारखी सहापर्यंत. पण त्याच्या कपाळावरचं टेंगूळ माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

"वरद," मी म्हटलं, "ते मार्क माझे नाहीत."

सगळं सांगितलं. कुंडी, घड्याळ, ईशानी. मैथिली म्हणाली, "मी रोज समोर उभी राहून देत होते आई!" मी म्हटलं, "जिभेखाली धरायची गं." ईशानीला हसू फुटलं आणि लगेच ती रडायला लागली. वरद मात्र उठून उभा राहिला. एवढा चिडलेला मी त्याला दहावीनंतर पाहिला नव्हता. "ही काय शाळा आहे कॉपी करायला? तू परत पडली असतीस तर? घड्याळ पोरीच्या हातावर, आणि तू ओट्याखाली! मी तुझ्या त्या आकड्यांवर विश्वास ठेवला, आई! रोज सकाळी तेवढी एकच गोष्ट चांगली व्हायची माझ्या दिवसात! कशासाठी? काय असतं त्या अडीच वाजता?"

"तुझ्या बाबांना भेटते रे."

मग ते केंद्राचंही सांगितलं. पोटच्या पोराला असलं सांगायची लाज वाटत होती, तरी सांगितलं. वीस कान, एक कप, उलटे क्रेट. तो हळूहळू खाली बसला.

"आम्हाला वाटायचं," तो म्हणाला, "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलतच नाही. मी आणि ताई म्हणायचोसुद्धा, ह्यांचं जमत नसणार. घरात कधी ऐकलंच नाही काही."

"बोलायचो रे. तुम्ही झोपलेले असायचात."

तो रडला. पन्नास वर्षांचा माणूस, टेंगूळ घेऊन. मीही रडले. मैथिलीने उठून चहा ठेवला आणि न विचारता कोरा ठेवला.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. वरदला त्यांनी चांगलं झापलं, दुसऱ्याची गोळी आणि तीही मध्यरात्री, म्हणून. त्याच्यासाठी वेगळी वेळ दिली, बोलण्यासाठी म्हणे, गोळीसाठी नाही. मग माझ्याकडे वळले. मी खाली मान घालून बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "आजी, तुम्ही मला हे आधी का नाही सांगितलंत? नाजूक माणसाला गोळी मीही नाइलाजाने दिली होती. बंद करू. जाग येते तर येऊ द्या. फक्त दिवा लावायचा, भिंतीला धरून चालायचं, आणि घड्याळ तुमच्याच हातावर. झोप पुढे न्यायची असेल तर संध्याकाळी थोडं थोडं उशिरा झोपा. पण जबरदस्ती नाही."

म्हणजे माझा तास मला मिळाला. घरी येताना टॅक्सीत मी गालातल्या गालात हसत होते. मैथिलीने रात्रीसाठी पॅसेजमध्ये छोटा दिवाही लावला.

जेवणं झाली. आठ वाजले, माझ्या पापण्या उतरायला लागल्या. ईशानी अभ्यासाला गेली, मैथिली दिवसभराच्या धावपळीने कधीच आडवी झाली होती. वरद सोफ्यावर बसला होता, टीव्ही बंद, फोन बंद, दोन्ही हात मांड्यांखाली. लहानपणी परीक्षेच्या आदल्या दिवशी असाच बसायचा. मी खोलीच्या दारापर्यंत गेले. तो म्हणाला, "झोप आई. गुड नाइट." आणि खिडकीबाहेरच्या अंधाराकडे त्याने असं पाहिलं, की मला कळलं, हा घाबरलाय. पोराला रात्रीची भीती वाटतेय.

मी परत फिरले. कोपऱ्यातली तेलाची बाटली घेतली, सोफ्यावर बसले आणि म्हटलं, "खाली बस. डोकं दे."

"अगं, तुझी वेळ झाली."

"बस म्हटलं ना! यल्ला, चल!"

उजव्या हाताने तेल घातलं, डाव्यात अजून जोर नाही. नऊ वाजले. मला अशी झोप येत होती की दोनदा बाटली कलंडली. तो म्हणाला, सांग ना अजून केंद्राचं. मी सांगत राहिले, कुठली बाई कार्ड विसरायची, कुठला म्हातारा रोज एक बाटली जास्त मागायचा. दहा वाजले. साडेदहाला तो एकदम म्हणाला, "आई, यादीत नाव असलं तर?"

खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता. मी म्हटलं, "असलं तर असलं. फार वाईट वाटेल. मग सकाळ होईल आणि आपण बसून काय ते बघू. पण आत्ता, रात्री, त्यातलं काही होणार नाहीये. आत्ता नुसतं डोकं टेक."

त्याने माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. सव्वाअकराला त्याचा श्वास जड झाला. माझा पाय बधिर झाला, कंबर दुखायला लागली, पण हलायची सोय नव्हती. पन्नास वर्षांच्या मुलाचं डोकं फार जड असतं हो. मैथिली पाणी प्यायला उठली, आमच्याकडे बघून तशीच थांबली, माझ्या पाठीला उशी लावून गेली. बारा वाजलेले मी पाहिले. एवढ्या उशिरापर्यंत मी कित्येक वर्षांत जागी राहिले नव्हते.

मग डोळे उघडले ते पायांवर ऊन आलं तेव्हा. साडेसहा. वरद खाली गालिच्यावर आडवा झालेला, तोंड उघडं, गाढ. कुणीतरी त्याच्यावर चादर घातली होती. मी घड्याळाकडे पाहिलं. अडीच कधीच होऊन गेले होते. चारही, पाचही. गोळी नाही, काही नाही, माझी मीच झोपले होते. डोळे भरून आले, ते पदराने पुसले.

मग आवाज न करता उठले, भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभी राहून हळूच म्हटलं, "अहो, आज यायला नाही जमलं. वरदला झोप लागत नव्हती. उद्याचंही काही सांगता येत नाही. तुम्ही चहा घेऊन टाकत जा."